मनाचा कच्चा

रूझवेल्टचा वस्तरा हॉलिस पेटवेच्या मानेवर होता आणि नेमका त्याच वेळी कोपऱ्यातल्या टीव्हीवर कॉर्डेल मॅबरी निवृत्तीचं भाषण करता करता हसला. टाचेच्या दुखण्यानं एकतिसाव्या वर्षीच खेळ सोडावा लागतोय, असं तो सांगत होता. आईचे, कोचचे, पश्चिमेकडच्या ज्या संघाला त्यानं दोनदा अजिंक्यपद मिळवून दिलं त्या संघाचे आभार मानून झाले होते. मग तो म्हणाला, माझ्या स्वतःच्या गावात, टोलेडोत, कोणीतरी कागदावर लिहून ठेवलं होतं की हा पोरगा मनाचा कच्चा आहे. त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. भांडायला नाही. त्याला नेमकं काय दिसलं होतं, तेवढंच विचारायचंय. शनिवारी सकाळी दुकानात सहासात जण तरी बसलेले असायचे, त्यातला कोणीतरी लगेच म्हणाला, जा की मग हद्दादकडे, त्या जुन्या मॅनेजरकडे. गावच्या बास्केटबॉल संघाचं नाव फर्नेस, पण गावात त्याला सगळे भट्टीच म्हणत, आणि त्या भट्टीवरच्या कोट्या कधी संपत नसत. भिंतीशी बसलेला म्हातारा म्हणाला, हद्दादनं आमची भट्टी विझवली आणि आता स्वतःची पेटवून पाव भाजतोय. सगळे हसले. हॉलिसही हसला. ते हसू त्याला न विचारताच बाहेर पडलं, आणि गळ्याभोवती बांधलेल्या पांढऱ्या कापडाखाली त्याचे तळहात ओले झाले. ‘‘हलू नकोस रे, कान जाईल,’’ रूझवेल्ट म्हणाला. हॉलिस हलला नाही. समोरच्या आरशात त्रेसष्ट वर्षांचा एक माणूस हसत होता, आणि त्याचं हसणं थांबायला अंमळ जास्तच वेळ लागत होता, असं हॉलिसला वाटलं. कारण ते वाक्य हद्दादचं नव्हतं. हॉलिसचं होतं.

सव्वीस वर्षं तो भट्टीसाठी खेळाडू हेरत आला होता. ऑफिसातल्या दारावर स्काउट अशी पाटी होती, पण त्या दाराआड तो क्वचितच असे. कॉलेजांच्या व्यायामशाळांत लाकडी बाकांच्या वरच्या रांगेत बसायचं, मांडीवर वही, शेजारी गार झालेली कॉफी, आणि खाली धावणाऱ्या दहा पोरांतलं एकच पोर बघत राहायचं, चेंडू त्याच्याकडे नसतानासुद्धा. त्याचे वडील काचेच्या कारखान्यात तपासनीस होते. ते मोटारींच्या पुढच्या काचा उजेडात धरून आतला बुडबुडा शोधायचे, आणि एकदा सापडला की काच बाजूला. त्यात वाद नसे. हॉलिसला वाटायचं, आपला डोळा त्यांच्याकडूनच आलाय. अकरा वर्षांपूर्वी तो डेटनला मॅबरीचा सामना बघायला गेला होता. मॅबरीचा संघ एका गुणानं हरला. सामना संपल्यावर गाड्यांच्या तळावर थंडी मी म्हणत होती, हॉलिस आपल्या गाडीची काच खरवडत होता, आणि पलीकडे संघाच्या बसच्या पायरीवर मॅबरी एकटाच बसून रडत होता. हुंदके देऊन. तोंड झाकून घेण्याचंही त्याला भान नव्हतं. हॉलिसनं ते किती वेळ पाहिलं? मिनिटभर असेल. त्याला आठवत होता तो एकदम उठलेला राग, कारण नसलेला, एखाद्यानं आपलं खासगी पत्र रस्त्यात मोठ्यानं वाचावं तसा. त्याच रात्री मोटेलच्या खोलीत त्यानं अहवाल लिहिला. हात उत्तम, नजर उत्तम, पायांची चपळाई अशी की क्वचित दिसते. आणि शेवटी : मनाचा कच्चा. सामना हातातून निसटत असताना याच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. मग दिवा मालवून तो झोपला, आणि झोप चांगली लागली होती, हेही त्याला आठवत होतं.

दरवर्षी सगळे संघ आळीपाळीनं कॉलेजातली नवी पोरं निवडत, आणि त्या वर्षीच्या निवडीत मॅबरी भट्टीला सहज मिळत होता. गावचा पोरगा, डॉर स्ट्रीटवर वाढलेला. लोकांनी त्याच्या नावाचे शर्ट आधीच शिवून घेतले होते. आणि मॅनेजर रेमंड हद्दादनं मिनेसोटातला एक सात फुटी गोरा मुलगा निवडला. दोन वर्षांत त्या मुलाचे दोन्ही गुडघे गेले. आता तो गावाकडे गुरांचा डॉक्टर आहे आणि सुखात आहे असं ऐकिवात होतं. मॅबरी तिकडे पश्चिमेला मोठा होत गेला. त्यानं मिळवलेल्या प्रत्येक गुणाबरोबर हद्दाद लहान होत गेला. शेवटी त्याला काढलं. काढल्याच्या आठवड्यात कुठल्याशा वर्तमानपत्राच्या हाती तो अहवाल लागला, खालची सही नसलेला, आणि ‘मनाचा कच्चा’ हे शब्द गावभर झाले. सगळे धरून चालले की हे हद्दादचंच. हद्दाद त्यावर एक अक्षर बोलला नाही. हॉलिसही बोलला नाही. आधी वाटलं, उद्या बोलू. मग वाटलं, आता बोलून त्याला नोकरी थोडीच परत मिळणार आहे. मग दुसरा मॅनेजर आला, तिसरा आला, हॉलिसची पाटी दारावर तशीच राहिली, आणि न बोलणं ही एक सवय होऊन गेली, मोजे घालण्यासारखी. त्याची बायको व्हर्लीन हिनं तेव्हा नाश्त्याच्या टेबलावर पेपर खाली ठेवून विचारलं होतं, हे असलं कोण लिहितं? आणि तो म्हणाला होता, ऑफिसात असतं कोणीतरी.

रूझवेल्टनं मानेवर पावडर मारली, कापड झटकलं. बाहेर बर्फाचं पाणी झालेलं, रस्त्याच्या कडेला काळपट ढीग. गाडीत बसून त्यानं किल्ली फिरवली नाही. भाषणातल्या ‘नेमकं काय दिसलं होतं’ या प्रश्नानं त्याला जेवढं हलवलं होतं, तेवढंच काल दुपारच्या फोननं हलवायला हवं होतं, आणि काल तर तो बिनदिक्कत हो म्हणाला होता. फोन होता कॉनर व्हिटलॉकचा, चौथ्या मॅनेजरचा. वय छत्तीस, आवाज नेहमी मऊ. त्याला क्विन्सी बोल्डनला द्यायचं होतं. एकवीस वर्षांचा क्विन्सी, भट्टीचा दुसऱ्या वर्षातला खेळाडू. त्याच्यासकट पुढच्या दोन निवडींचे हक्क देऊन त्या बदल्यात पूर्वेकडच्या संघाकडून चौतीस वर्षांचा एक नावाजलेला खेळाडू आणायचा, म्हणजे प्रेक्षकांच्या खुर्च्या भरतील. अदलाबदलीची मुदत गुरुवारी दुपारी तीनला संपत होती. दहाएक दिवसांपूर्वी शेवटच्या क्षणी क्विन्सीच्या हातून चेंडू गेला होता, सामना गेला होता, आणि बाकावर डोक्यावर टॉवेल घेऊन तो रडला होता. ते चित्रण देशभर फोनांवरून फिरलं. लोकांनी त्याला गाणी जोडली. व्हिटलॉक म्हणाला होता, आकडे माझ्याकडे आहेत, पण मालक जुन्या वळणाचे आहेत, ते तुमचा शब्द मानतात. त्या पोराच्या मनाबद्दल एक ओळ द्या, हॉलिस. तुम्हाला ते जमतं. हॉलिस म्हणाला होता, सोमवारी देतो. ओळ त्याच्याकडे तयारच होती. नवी लिहायचीसुद्धा गरज नव्हती.

नदी ओलांडून तो हद्दादच्या बेकरीपाशी कधी आला ते त्याला नीटसं कळलं नाही. बेकरी हद्दादच्या थोरल्या भावाची. भाऊ वारल्यावर रेमंडनं ती घेतली होती. आत ओव्याचा आणि तिळाचा वास, गरम पावांवरची वाफ, काउंटरवर एक तरुण मुलगी पिशव्या भरत होती. हद्दाद आतून आला. कोपरापर्यंत पीठ, केस पांढरे झालेले, पण चालणं तेच, एक खांदा पुढे काढून. ज्या माणसाला आपण नऊ वर्षं मनातल्या मनात म्हातारा आणि मोडलेला करत आलो, तो असा धडधाकट समोर उभा राहिल्यावर हॉलिसला थोडं फसवल्यासारखंच झालं. हद्दादनं त्याला मागच्या खोलीत नेलं, एका पोत्यावर बसवलं, मधे एक पाव मोडून ठेवला. हॉलिसनं वाटेत जुळवलेलं सगळं विसरून सरळ सांगून टाकलं, की मॅबरीबद्दलचं ते वाक्य माझं होतं आणि मी गप्प राहिलो.

‘‘ते तुझं होतं हे मला कोण सांगणार?’’ हद्दाद म्हणाला. ‘‘मीच नाही का वाचलं? चौदा अहवाल होते माझ्या टेबलावर. तेरा म्हणत होते, मॅबरीला डोळे झाकून घेऊन टाका. मालकांना उंच पोरगा हवा होता. मलाही हवा होता, खोटं कशाला बोलू. मला कुठूनतरी एक ‘नको’ पाहिजे होतं, ते तुझ्या कागदात सापडलं.’’

‘‘म्हणजे माझ्यामुळे नाही झालं ते?’’

‘‘तुझ्यामुळेही झालं. पण एवढा मोठा होऊ नकोस, हॉलिस. अख्खं गाव काही तुझ्या एका ओळीवर चालत नव्हतं.’’

हॉलिस पोत्यावर बसून राहिला. खांद्यावरचं ओझं उतरतंय असं त्याला वाटायला हवं होतं, आणि थोडं उतरलंही. पण त्याबरोबर काहीतरी हिरावून घेतल्यासारखंही वाटलं. एवढी वर्षं तो स्वतःला त्या अपराधाचा मालक समजत आला होता, रात्री जागत आला होता, आणि निघालं काय, तर तो त्यातला एक भागीदार होता, तोही लहानसा. लाज वाटली ती या गोष्टीची. हद्दाद पावाचा तुकडा तेलात बुडवत शांतपणे बोलत होता. निवड माझी होती, त्याबद्दल माझा तुझ्यावर राग नाही. पेपरात तुझं नाव सांगितलं असतं तर तुझीही नोकरी गेली असती आणि माझी परत आली नसती, म्हणून नाही सांगितलं. त्यात काही मोठेपणा नव्हता. मग त्यानं हात पुसले आणि म्हणाला, ‘‘एक गोष्ट मात्र लागली. नऊ वर्षं झाली. तू एकदाही पाव घ्यायला आला नाहीस.’’

हॉलिस म्हणाला की मी पेपरवाल्यांना बोलावून सगळं सांगतो. हद्दादनं मान हलवली. पेपरवाले चार दिवस मजा करतील आणि विसरतील. सांगायचंच असेल तर बाहेर माझी पोरगी रीमा आहे, तिला सांग. ती तेव्हा तेरा वर्षांची होती, शाळा तिला होती, मला नव्हती. हॉलिस बाहेर आला. काउंटरवरची ती मुलगी म्हणजे रीमा. गिऱ्हाईक जाईपर्यंत तो बाजूला थांबला, मग टोपी हातात घेऊन त्यानं तिला सांगितलं. वाक्य छोटंच होतं. ती पिशवीचं तोंड दुमडत होती ती थांबली. ‘‘शाळेत मला कच्ची म्हणायचे,’’ ती म्हणाली. ‘‘कच्ची हद्दाद. बारावीपर्यंत.’’ तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं अधिक कठीण गेलं. त्यानं क्षमा मागितली. तिनं ती घेतलीही नाही आणि परतही केली नाही. पिशवी त्याच्या पुढे सरकवत म्हणाली, ‘‘पुढच्या शनिवारी या. तुमच्याशी बोलायचं की नाही, ते तोवर ठरवते.’’ मागून हद्दाद अरबीत काहीतरी पुटपुटला आणि ती ओठ दाबून हसली. हॉलिसला त्यातलं काही कळलं नाही, आणि विचारावंसंही वाटलं नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर त्यानं व्हर्लीनला सांगितलं. ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तिनं चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली, दोन स्वतः धरली, आणि मधे येत येत घडी पुरी केली. मग म्हणाली, ‘‘तुझ्या तोंडचा शब्द मला ओळखू येत नाही होय? मी वाट बघत होते.’’ दुपारभर तो क्विन्सीचे सामने टीव्हीवर लावून बसला. चेंडू हातून गेला तो सामना त्यानं एकदाच पाहिला. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सामना तीनदा पाहिला, आणि तिसऱ्या वेळी वही काढली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आणि आल्यावर तो बराच वेळ पेन तसंच धरून बसला, की त्या बसच्या पायरीनंतरचा मॅबरीचा पुढचा सामना आपण पाहिलाच नव्हता. दोन दिवसांनी होता, डेटनपासून तासाभरावर. आपण घरी परतलो होतो. बुडबुडा सापडला होता ना. काच बाजूला.

सोमवारी अकराला बैठक. व्हिटलॉक, त्याची आकड्यांची माणसं, आणि टेबलाच्या टोकाला मालक, ब्याऐंशी वर्षांचे, कानातलं यंत्र सारखं चाचपणारे. व्हिटलॉकनं पडद्यावर आलेख दाखवले, मग हॉलिसकडे वळून म्हणाला की आता बोल्डनच्या मनोधैर्याबद्दल. हॉलिसनं समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला. तो म्हणाला, अकरा वर्षांपूर्वी मॅबरीला मनाचा कच्चा मी म्हटलं होतं. हद्दादनं नव्हे. खोलीत कोणाची तरी खुर्ची करकरली. मालकांनी यंत्र चाचपलं आणि पुन्हा सांगा म्हणाले, तेव्हा ते वाक्य त्याला दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, सांगावं लागलं. मग तो पुढे बोलत गेला. रडलेला माणूस पाहिला आणि वही मिटली, ही माझी चूक. बोल्डन रडला, ते सगळ्या देशानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो खेळला, ते या खोलीत कोणी पाहिलं? शेवटची सहा मिनिटं प्रत्येक वेळी तो हात वर करून चेंडू मागत होता. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पुन्हा मागितला. ‘‘मला जी ओळ मागितली होती ती मी देणार नाही,’’ तो म्हणाला. ‘‘द्यायचं तर त्याला आकड्यांवर द्या. त्याच्या रडण्यावर देऊ नका.’’

व्हिटलॉक मऊ आवाजात म्हणाला की याचा मूळ प्रश्नाशी संबंध नाही. मालक बराच वेळ हॉलिसकडे बघत होते. ते चिडलेत की त्यांना झोप येतेय, हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी एवढंच म्हणाले, घाई नको, गुरुवारपर्यंत बघू.

गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी व्हिटलॉक हॉलिसला ऑफिसच्या बोळकांडीत भेटला. पूर्वेकडच्या संघानं ऐनवेळी दुसऱ्याच कोणाशी सौदा केला होता. मालकांनीही बुधवारभर चालढकल केली होती. ‘‘हे तुमच्या बोलण्यानं झालेलं नाही,’’ व्हिटलॉक म्हणाला. हॉलिस म्हणाला, माहीत आहे. आणि खरंच त्याला त्याचं काही वाटलं नाही. एका ओळीनं काय होतं आणि काय होत नाही, हे त्याला शनिवारीच कळलं होतं. व्हिटलॉक चार पावलं पुढे जाऊन थांबला आणि न वळताच म्हणाला, तो दुसऱ्या दिवशीचा सामना मी काल पाहिला. मग गेला.

सरावाच्या मैदानावर उजेड होता, वरच्या काचांतून आलेलं हिवाळी ऊन लाकडी जमिनीवर पसरलं होतं. क्विन्सी बोल्डन एकटाच भिंतीला पाठ लावून खाली बसला होता, लांब पाय पसरून, फोन जमिनीवर पालथा. सकाळपासून तो उलटा करून बघायचा धीर त्याला झाला नव्हता, हे उघड होतं. हॉलिसनं त्याला सांगितलं की सौदा झाला नाही, तू इथेच राहतोयस. पोरानं डोळे मिटले आणि तोंडातून लांब श्वास सोडला. हॉलिस भिंतीला धरून धरून त्याच्या शेजारी खाली बसला. एवढं खाली बसायची सवय राहिली नव्हती.

‘‘बैठकीत काय झालं ते कानावर आलं,’’ क्विन्सी म्हणाला. ‘‘तुम्ही का केलंत तसं, मिस्टर पेटवे? आपण कधी दोन शब्द बोललो नाही.’’

हॉलिसला वाटलं होतं की मॅबरीबद्दल सांगावं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच, ज्याच्याकडे त्यानं इतकी वर्षं कधी सरळ पाहिलंच नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, तो म्हणाला. केंटकीत, एका छोट्या कॉलेजात. चार सेकंद उरलेले, दोन फ्री थ्रो, कोणी न अडवता मारायचे नेम, मला मिळाले, दोन्ही चुकले. आणि मी तिथेच मैदानात बसून रडलो, तीनशे माणसांपुढे. वडील वरच्या रांगेत होते. ते उठून गाडीत जाऊन बसले. बोलता बोलता त्याला त्या गाडीतली शांतता ऐकू आली, वडिलांचे चामडी हातमोजे दिसले, आणि डेटनच्या तळावर उठलेला तो राग कुठला होता ते कळलं.

‘‘मग कोचनं काढलं तुम्हाला?’’

आयुष्यभर तो असंच सांगत आला होता. व्हर्लीनलाही असंच सांगितलं होतं. आताही हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण आठवत होती ती सकाळ : वसतिगृहाच्या खिडकीखाली उभी असलेली संघाची बस, कोच खाली उभा राहून दोनदा हाक मारणारा, पेटवे, अरे पेटवे, आणि पडद्यामागे भिंतीला चिकटून उभा असलेला तो. बस दहा मिनिटं थांबली होती. मग गेली.

‘‘नाही,’’ हॉलिस म्हणाला. ‘‘कोणी नाही काढलं. दुसऱ्या दिवशी मीच गेलो नाही.’’

क्विन्सीनं त्याच्याकडे पाहिलं. मग पोरानं फोन उचलून न बघताच खिशात घातला आणि म्हणाला, ‘‘मी परत रडणार, हं. आधीच सांगून ठेवतो. मला आवरत नाही.’’

‘‘रड की,’’ हॉलिस म्हणाला. ‘‘फक्त दुसऱ्या दिवशी ये.’’

क्विन्सी उठला, दोन्ही हात पुढे करून त्यानं म्हाताऱ्याला उभं केलं, आणि शुक्रवारचा सराव दहाला की साडेदहाला, असं विचारलं. हॉलिसला माहीत नव्हतं. दोघं मिळून दाराजवळच्या फळ्यावर बघायला गेले.